दिलेल्या लेकीचं सुतक

आमच्या जिल्ह्याच्या गावी इस्पितळात कर्करोगाच्या गाठी जाळणारं जे मोठं यंत्र आहे ते सुतक पाळतं, आणि ते सुतक कमी करून आणणारा जगात मी एकटा माणूस आहे. आता सुतक पाळणारं यंत्रही जगात एकच आहे, ही गोष्ट वेगळी.

यंत्राबद्दल माझ्या सातवीपर्यंतच्या अकलेला कळलं ते असं. आत तारेची वेटोळी आहेत. ती हेलियम घालून इतकी गार करतात की विजेला अडवायला कोणी उरत नाही. मग अणूतले बारीक कण गरागरा फिरवून नेमके गाठीवर सोडतात. इथवर सगळं शास्त्रात बसतं. पण त्यानं उपचार केलेला पेशंट वारला, की यंत्र गार राहायचं सोडतं. दहा दिवस कोमट होऊन बसतं. बाकीच्यांच्या गाठींना सुतक नसल्यामुळे त्या वाढत राहतात.

यावर इस्पितळानं सरळ नियम केला. मरण्याची शक्यता असलेला पेशंट घ्यायचा नाही.

माझ्या बायकोच्या, द्वारकेच्या, डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. मेंदूला चिकटलेली. तिथे चाकू चालत नाही, हे यंत्र तेवढं चालतं. मी मोठ्या डॉक्टरांकडे, मिराशी साहेबांकडे गेलो.

"खिलारे, तुमच्या मिसेस दगावल्या तर यंत्र बसेल," ते म्हणाले. "मागच्यांनी काय करायचं?"

"मग धडधाकट माणसंच घ्या ना साहेब. त्यांना मरायची घाई नसते."

मी टोमणा मारला होता. साहेबांनी तो इस्पितळाच्या समितीपुढे ठेवला. पुढच्या सोमवारी आमदारांच्या मेव्हण्याच्या गालावरचा मस यंत्रानं यशस्वीपणे जाळला. पेढे वाटले. मीही खाल्ले. चांगले होते.

द्वारकेला तोवर डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. मग मी थेट यंत्राकडेच गेलो. पेशंटला 'हलू नका' सांगायला तिथे स्पीकर असतो, त्यातून ते बोलतं.

"काय हो, ही माणसं तुमची लागतात कोण?"

"माझे कण त्यांच्या अंगात गेलेत," यंत्र म्हणालं. "परकी कशी म्हणू?"

"म्हणजे द्वारका तुमची लेक होणार."

"होणार."

"पण लग्न करून दिलेली लेक. दिलेल्या लेकीचं बापाला तीनच दिवस. विचारा कुठल्याही भटजीला."

हेलियमचा पंप बराच वेळ घुरघुरला.

"दिली केव्हा? मला तर कोणी विचारलं नाही."

हे मात्र खरं होतं. म्हणून आमचं लग्न पुन्हा लागलं, यंत्राच्या खोलीच्या जाडजूड काँक्रीटच्या दारात. अंतरपाट म्हणून शिशाचा कोट धरला. कन्यादानाला सलाइन सोडलं. कानपिळीला मेव्हणा नव्हता, तर मिराशी साहेबांना उभं केलं. त्यांनी जरा जास्तच पिळला. एरवी रडूबाई असलेली द्वारका पाठवणीला रडली नाही. तिला परत त्याच घरी जायचं होतं.

समितीनं तीन दिवसांची अडचण मान्य केली. तेव्हापासून बायका पेशंट लग्न करून देतात आणि पुरुष दत्तक देतात, कारण दिलेल्या मुलाचंही सुतक तेवढंच. रांग आता बरी सरकते. माणसं मरतात, पण सोयीनं.

द्वारकेचा नंबर लागला. तिला टेबलावर निजवलं. डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा आवळतात, तो घेऊन सिस्टर आली. स्पीकरमधून सासरेबुवा अगदी हळू म्हणाले, "घाबरू नकोस, पोरी." मला काही तसलं जमत नाही. मी म्हटलं, "बघितलंस ना द्वारके? तुझं सुतक दहावरून तीनवर आणलं! आहे का दुसऱ्या कोणाच्या नवऱ्यात एवढा दम?"

तिनं हात वर करून सिस्टरला थांबवलं. दिसत्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"बाबांचं कळलं हो," ती म्हणाली. "तुम्ही किती दिवस पाळणार?"