मनुबाईसाहेबांच्या संगणकाची सांगली स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. श्रीवीजबाई प्रसन्न, तूर्तास तरी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विनमासी कसबे रहिमतपूर येथे जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत सेवकाने जैसी डोळां देखिली आणि जैसी मनुबाईसाहेबांनी तीन वेळा सांगितली, तैसी लिहिली असे. अक्षर अधिकउणे जाहले तर वाचणाराने समजोन घ्यावे, आणि न समजे त्याने सेवकाचे दारी येऊन भांडावे. सेवक घरीच असतो.

कसबे मजकुरी राजमान्य राजश्री लालासाहेब, फौजेतील निवृत्त सुभेदार, आणि त्यांचे कुटुंब मनुबाईसाहेब वास्तव्य करून आहेत. या उभयतांचे घरी तेवीस वर्षांमागे एक संगणक आणिला, तो चिरंजीव जयराज यांनी शिकावे म्हणोन आणिला, आणि चिरंजीव शिकोन पुण्यास गेले आणि संगणक घरीच राहिला. देह थोर, पडदा मागे फुगीर, पेटी लोखंडी, आवाज पिठाच्या गिरणीचा. त्यात एक खेळ होता. लोखंडी गोळी वर उडवावी, आणि ती खाली येऊ लागली की दोन फळ्यांनी थापडून पुन्हा वर धाडावी, ऐसा प्रकार. मनुबाईसाहेबांचे हात भाकरी थापून सिद्ध जाहलेले. त्यांनी एके दुपारी डाळ शिजेतो बैठक मारिली आणि गोळी खाली पडो न दिली, आणि डाळ करपली, आणि सत्त्याहत्तर लक्ष गुण नोंदले. खाली आंग्ल अक्षरांत 'मनु' ऐसी दस्तुरखुद्द निशाणी केली.

हा पराक्रम पाटणच्या भामाबाईसाहेबांस मान्य नव्हता. या मनुबाईंच्या थोरल्या जाऊ. बाई उपयोगी, मनुबाई माहेरी माणदेशात गेल्या की घर राखावयास आणि कोंबड्यांस दाणा घालावयास त्याच येत, परंतु जिव्हा मिरचीची. यंदा कोरेगावी एका बारशास सातारा प्रांतींच्या तमाम बायका जमल्या असता, घुगऱ्या वाटतां वाटतां गोष्ट निघाली, आणि भामाबाई भरल्या सभेत वदल्या, "मने, तोंडाची वाफ दवडू नगं. असल्या पोरखेळाला मी हात बी लावत न्हाई, पर सत्त्याहत्तर लाख? लय झालं! दिवाळीला येते, डोळ्यानं दाखीव."

मनुबाईंच्या मस्तकी तिडीक गेली. "दाखवीन आक्का! न्हाई दाखवलं तर जन्मात त्या पेटीला शिवणार न्हाई, भंगारवाल्याला देऊन टाकीन!" जबान गेली ती गेली. साक्षीस चाळीस बायका, आणि त्यांत एकही विसरभोळी नाही.

पुढे खंडेनवमी आली. सुभेदारांचे घरी विळा, कोयता, खुरपे यांसमवेत संगणकाचीही पूजा होते, हा शिरस्ता तेवीस वर्षांचा. मनुबाईंनी दरसालाप्रमाणे पेटीस हळदकुंकू वाहिले, आणि पेटीचे दर्शनी जी फ्लॉपीची आडवी फट, तेच यंत्राचे मुख जाणोन त्यात चिमूट अक्षता आणि गुळाचा खडा सारिला, आणि दुसरे दिवशी दसऱ्यास घरचे वडीलधारे म्हणोन आपट्याचे पानही त्याच मुखी दिले. मग बटण दाबिले. यंत्राने टूं टूं टूं ऐसी तीन वेळा किंकाळी फोडिली आणि पडदा काळा तो काळाच राहिला. चिरंजिवांस पुण्यास खबर दिली, तो उलट जाब आला की आई, ते भंगारात दे, नवा लॅपटॉप धाडतो. मनुबाईंनी फोन आपटला. तिसरे दिवशी सुभेदारांस म्हणाल्या, "आवं, माझी अब्रू हाय त्यात." सुभेदारांनी सीमेवर तोफांचे आवाज ऐकिले होते, परंतु हे वाक्य ऐकोन ते तात्काळ उठिले आणि सांगलीवर कूच करण्याचा हुकूम जाहला.

सांगलीत मदन शेठ यांचे चिरंजीव सम्मेद, जुनी यंत्रे जिवंत करण्यात नामांकित, ऐसी वार्ता होती. मग पेटी मनुबाईंच्या जुन्या पातळात गुंडाळून, मांडीवर घेऊन सुभेदार रहिमतपूर ठाण्यावर आगगाडीत बसले. ताकारीपावेतो समोरच्या बाईंनी धीर धरिला आणि मग पुशिले की बाळ किती महिन्यांचं हाय. सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "तेवीस वर्साचं. झोपलंय." बाईंनी जागा बदलिली.

सम्मेद यांनी पेटीचे चार स्क्रू काढिले आणि आत पाहोन हात जोडिले. आत मुंग्यांचे राज्य होते! तेवीस वर्षांच्या गुळावर त्यांच्या पिढ्या पोसल्या, आणि अक्षतांची कोठारे भरली. सुभेदारांचा हुकूम की फुंकणी लावा आणि उडवा. सम्मेद अंमळही हलले नाहीत. "काका, आमी जैन मानसं. जीव मरंल असं काम ह्या दुकानात हुनार न्हाई. त्यास्नी आपल्या पायानं जाऊ द्या." तेव्हा त्यांच्या मातोश्री गुणमालाबाई साखरेची वाटी घेऊन आल्या आणि पेटीपासोन उंबऱ्यापावेतो साखरेची रांग ओढिली. मग सुभेदार, ज्यांनी उभ्या हयातीत शत्रूस वाट दिली नाही, ते तीन घटका मुंग्यांच्या लष्करास वाट देत उभे राहिले. एक मुंगी मार्ग चुकली, तीस दस्तुरखुद्द कागदावर घेऊन उंबऱ्याबाहेर सोडिले.

आता दिवस कलू लागला. सम्मेद सूर्यास्तापूर्वी जेवणारे, त्यानंतर अन्नास शिवणे नाही, म्हणोन झटपट निकाल लावावा या मसलतीने ते सहज बोलोन गेले, "काका, फॉरमॅट मारू काय? सगळं साफ हुतंय." सुभेदारांनी अर्थ पुशिला. अर्थ कळला तो ऐसा की आत जे जे आहे त्या सर्वांची कत्तल, आणि 'मनु'ही त्यात. तेव्हा सुभेदारांनी पेटीस उभय हातांनी कवटाळिले आणि गरजले, "प्राण गेला तरी फॉरमॅट हुनार न्हाई! आत आमची बायकू हाय!" पेठेतील चार गिऱ्हाइके वळोन पाहू लागली. कोणी पोलिसांस बोलवावे ऐसेही म्हटले. गुणमालाबाईंनी सर्वांस समजाविले की खेळाच्या यादीत नाव आहे, बाई घरी आहेत.

मग सम्मेद शांतपणे कामास लागले. स्मरणपट्टी, जीस रॅम म्हणतात, ती उपसली, तो तिच्या दातांवर हळद. ती त्यांनी शाळकरी खोडरबराने घासोन लख्ख केली, आणि शेजारी दुपटीची नवी पट्टी बसविली, आणि मोठ्या टिकलीएवढा मेलेला सेल काढोन ताजा घातला. पंखा फिरेना म्हणोन चिमटा सारिला आणि ओरडले, "काका, सोनं निघालं!" हा शब्द पेठेत गेला मात्र, दुकानी रीघ लागली, आणि एक सराफही काटा घेऊन आला. निघाली ती आपट्याची पाने, वाळून चुरा जाहलेली, तेवीस दसऱ्यांची. सराफ बहुत नाराज होऊन गेला. मग बटण दाबिले, पंखा घुमला, एकच टूं जाहले, आणि पडदा उजळला. सुभेदारांचे डोळे भरून आले, आणि सम्मेद पळत जेवावयास गेले. सूर्य एक वीत उरला होता.

वसुबारसेस भामाबाई दोन दिवसांचे बोलीने दाखल जाहल्या. आल्या त्या चपलांनिशी आत येऊन म्हणाल्या, "दाखीव." आळीतील सर्व बायका जमल्या. सेवकही होता; चिवडा खात होता, हे लपविणे नाही. मनुबाईंनी खेळ उघडिला आणि विक्रमांची यादी काढिली. पहिले नाव मनु, सत्त्याहत्तर लक्ष! बायकांनी जयघोष केला. तो विरला आणि मग सर्वांची दृष्टी खाली गेली. दुसरे नाव भामा. तिसरे भामा. चौथे भामा. पाचवे भामा.

सर्व बायका भामाबाईंकडे वळल्या. भामाबाई पदर सावरीत म्हणाल्या, "ही भामा दुसरी कुनीतरी आसंल." तेव्हा सुभेदार दाराआडून म्हणाले, "व्हय, आमच्या एका कोंबडीचं नाव भामा हुतं." मग काय पुसता! बायका लोळल्या, मनुबाईंस ठसका लागला, आणि सर्वांत मोठ्याने, डोळ्यांस पदर लावून, दस्तुरखुद्द भामाबाई हसल्या. "मने, आठ दिस कोंबड्या उपाशी ठिवल्या गं मी! सत्तर लाखाच्या पुढं जाईना मेली गोळी. सर तिकडं, बसू दे."

दोन दिवसांकरिता आलेल्या भामाबाई अकरा दिवस राहिल्या. पाटणहून तीन फोन आले, ते घेतले नाहीत. स्मरणपट्टी नवी, म्हणोन गोळी फाजील वेगाने पळते, ही तक्रार त्यांनी नित्य केली. डाळ दोन वेळा करपली, आणि कोणी कोणास बोलिले नाही. यापुढे यंत्राचे मुखी अक्षता न देणे, त्या पेटीचे माथ्यावरच वाहाव्या, ऐसी ताकीद जाहली. भामाबाईंनी निघतेसमयी हळदकुंकू वाहिले, तेव्हा सुभेदार फटीवर अंगठा ठेवून उभे होते.

येणेप्रमाणे विश्वावसु संवत्सरी कार्तिकमासी स्वारी फत्ते जाहली. मनुबाईंची जबान राहिली, यंत्र राहिले, मुंगीही दुखावली नाही. गुण मनु सत्त्याहत्तर लक्ष, भामा शहात्तर लक्ष नव्वद हजार, हे सेवकाने चष्मा लावून वाचिले आहे. चष्म्यावरून आठवले. भामाबाई पाटणास पोहोचताच त्यांचा फोन आला की चष्मा संगणकाच्या मेजावर विसरले. मनुबाई म्हणाल्या, धाडून देते. पलीकडून जाब आला, "नगं नगं, मीच येते न्यायला."