खुंटीवरची पिशवी

"पन वीज तं तेवढीच देते ना?" रेणूने नवऱ्याला विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर देवचंदला गोंदियाच्या दुकानातही देता आलं नव्हतं. तिथे दुकानदार हेमेंद्रने कॉम्प्युटरला वीज पुरवणारे दोन्ही पॉवर सप्लाय काउंटरवर शेजारी शेजारी मांडले होते. एकाच्या पोटातून सगळ्या वायरी कायमच्या बाहेर आलेल्या. दुसरा मॉड्युलर, म्हणजे डबा वेगळा, वायरी वेगळ्या, लागेल तेवढ्याच टोचायच्या. "देवचंदभाऊ, बिजली दोनो सेम देगा," हेमेंद्र प्रामाणिकपणे म्हणाला होता. "साधा घ्या. मॉड्युलरमध्ये फक्त अंदर साफसुथरा दिसतो. बंद डब्याच्या अंदर कोण बघायला येतंय?"

पण देवचंदचं लक्ष तोवर तिथे नव्हतंच. त्याला तलाव दिसत होता. पणजोबांच्या काळापासून गावचा तलाव असाच चाले. ज्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी हवं तेवढीच तोंडं उघडायची, बाकीची बंद. उगाच कुठे पाणी नाही, उगाच कुठे चिखल नाही. कॉम्प्युटरच्या आत तशीच स्वच्छ, मोकळी जागा असेल आणि तीन वायरींतून वीज गुमान वाहत असेल, या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की दीडपट किमतीचा डबा घेऊन तो एसटीत बसला आणि एक थांबा पुढे जाऊन उतरला.

"वीज तेवढीच," त्याने रेणूला सांगितलं. "पन शांत वाटते."

रेणू माहेरची गोंदियाची. ती सरळ बोलायची आणि सरळच ऐकायची. "शांत वाटायले लोक देवळात जाऊन बसतात जी," ती म्हणाली आणि आत गेली.

देवचंद लग्नांचे व्हिडिओ काढायचा, घरीच त्यांचं मिक्सिंग करायचा. पण त्याचा जीव होता तो गावच्या सारस पक्ष्यांच्या जोडीत. अख्खा पावसाळा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री धरून बसून त्याने त्यांचं चित्रीकरण केलं होतं. घरटं, अंडी, पिल्लू, पिल्लाचं पहिलं पाऊल, सगळं होतं. बावीस मिनिटांचा सिनेमा झाला होता आणि रविवारी अकरा वाजता तो ग्रामपंचायतीच्या सभागृहात दाखवायचा होता. मागच्या वर्षी त्याने असाच एक छोटा सिनेमा दाखवला, तेव्हा तीन माणसं आली होती. शाळेचे गुरुजी, गुरुजींची बायको आणि सभागृहाची चावी ज्याच्याकडे असते तो शिपाई. त्यातला शिपाई झोपला होता. ते देवचंद विसरू शकत नव्हता. यंदाही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर कॅमेरा फक्त लग्नांपुरता उचलायचा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. रेणूला हे माहीत होतं. म्हणूनच ती जरा जास्त तिरकस बोलत होती.

शुक्रवारी त्याने कॉम्प्युटर सभागृहात न्यायच्या तयारीने उघडला. एरवी नुसता उचलून नेता आला असता. पण वायरी सुटतात म्हटल्यावर त्या न सोडता राहवेल कसं? टक् टक् करत त्याने तिन्ही काढल्या. मदरबोर्डची जाडजूड, प्रोसेसरची मधली आणि हार्ड डिस्कची चपटी. सगळ्या डब्यासोबत आलेल्या काळ्या पिशवीत घातल्या, नाडी ओढली आणि पिशवी छपरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खुंटीला अडकवली. शनिवारी सकाळी तो प्रोजेक्टर आणायला गोरेगावला गेला.

चूक झाली ती खुंटीची. त्या आळीत घरातल्या वस्तू घराच्या, पण छपरीतल्या खुंटीवरची वस्तू आळीची. दोर, विळा, सूप, जे खुंटीवर दिसेल ते कोणीही मागावं आणि घरच्यांनी द्यावं. देवचंदची माय शांतीबाई तर मागणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधीच द्यायची. देवचंद याच घरात वाढला होता. पण पिशवी अडकवताना त्याचं मन सारसांच्या मागे होतं.

दुपारी तो परतला तर खुंटीवर नुसती पिशवी होती. रिकामी.

"माय, यातल्या वायरी?"

"देल्ल्या ना," शांतीबाई तांदूळ निवडत म्हणाली. "लोकाईले लागत होत्या. तुह्या तं सुटूनच पडल्या होत्या."

"कोनाले देल्ल्या?"

"जाडी वायर अलकाले. एक रामलालले. आन ते चपटी..." शांतीबाईने डोळे मिटले. "कोनी तरी नेली बा. आठवन तं सांगीन."

देवचंद खाली बसला. सिनेमा होता त्या एकाच हार्ड डिस्कवर. त्याची दुसरी कॉपी काढायचं तो रोज उद्यावर टाकत आला होता.

"जा आन घेऊन या परत," रेणू म्हणाली.

"असं मागत नाही बाई," शांतीबाई घाबरून म्हणाली. "देल्लेली वस्तू तोंडानं मागतात का?"

हीच दुसरी अडचण होती. खुंटीवरून गेलेली वस्तू मागायची नसते. त्या घरी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि अधूनमधून वस्तूकडे बघायचं. समोरच्याला आठवतं, तो "अरे हो" म्हणतो आणि वस्तू परत येते. देवचंद आळीतल्या अलकाकडे गेला आणि परसातल्या मांडवाखाली बसला. मांडवावरून एक भलामोठा दुधी लोंबत होता आणि त्याला खालून झोळीसारखा आधार दिला होता मदरबोर्डच्या जाड वायरीने. देवचंद काळा चहा प्यायला, धानावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलला आणि वायरीकडे बघत राहिला. अलकाच्या ते लक्षात आलं.

"अवं भाऊजी, सांगाचं ना मंग!" ती उठली. तिने विळ्याने दुधी कापून देवचंदच्या हातात दिला आणि वायर सोडून शेजारच्या दुधीला बांधली. "लय दिवसाचा डोळा होता वाटते तुमचा."

देवचंद दुधी घेऊन घरी आला. रेणूने दुधीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि बाहेर पडली. पाच मिनिटांत ती जाड वायर घेऊन परतली.

"मागितली?" शांतीबाईने कपाळाला हात लावला.

"हो. सीधं सांगतलं, उद्या हे वायर नसन तं सभागृहात सिनेमा चालनार नाही."

"मंग रागावली?"

"नाही जी. म्हने, माह्या वायरीबिगर चालतच नाही का? दहा बायाईले सांगत सुटली आहे."

मग रेणूने रामलालला फोन लावला. रामलाल तांदळाची चुंगडी, म्हणजे पोतं, मोटारसायकलला बांधून आमगावला लेकीकडे गेला होता आणि चुंगडी बांधली होती प्रोसेसरच्या वायरीने. सिनेमाचं ऐकून तो एकदम गंभीर झाला. "वहिनी, चिंता नोका करू. मी येऊन राहिलो. आन ते चपटी सापडत नाही म्हनता, तं इथं बंटीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पायतो."

चारच्या सुमारास रामलाल दोन वायरी घेऊन दाराशी उभा राहिला. एक आपली आणि एक बंटीने दिलेली, दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलरची. "सेम टू सेम होय," रामलाल छाती काढून म्हणाला. देवचंदने ती डब्यात टोचली. टक्. दुसरं टोक हार्ड डिस्कला. टक्. इतकी नेमकी बसली की त्याचे डोळे भरून आले. त्याने बटणाकडे हात नेला.

"थांबा," रेणू म्हणाली. "आधी दुकानवाल्याले विचारा."

"बसली ना पन."

"बसते तं कोनीही कोठंही. विचारा."

फोनवर हेमेंद्र जवळजवळ किंचाळला. "चालू मत करना! हाथ निकालो! तोंड सेम असतं, अंदरचे तार उलटे असतात. हर कंपनीचं अलग. बटण दाबलं की डिस्क खतम." देवचंदने हात असा मागे घेतला, जसा काही बटणातून विंचू निघाला. पावसाळाभराचे सारस एका बोटाच्या अंतरावरून परतले होते. त्याने रेणूकडे पाहिलं. तिने तोवर दोन्ही टोकं उपटून वायर रामलालच्या हातात परत ठेवली होती.

तेवढ्यात शांतीबाईला आठवलं. "अवं, यादोरावनं नेली! वासराच्या गळ्यात बांधाले. सुताचा दोर टोचते म्हने त्याले."

म्हणजे सिनेमा आता वासराच्या गळ्यात होता आणि वासरू गायकीबरोबर, म्हणजे गुराख्याबरोबर, तलावाकडे चरत होतं. देवचंद तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला. ऊन उतरलं होतं, पाणी निवांत होतं, काठच्या बांध्यांतला हलका, लवकर पिकणारा धान पिवळा पडला होता. गुरं परतायला लागली. आणि नेमके त्याच वेळी धानाच्या कडेने ते दोघं चालत आले, उंच, राखाडी, लाल मानेचे, मध्ये पिल्लू. नराने पंख उघडले. मादीने मान वर करून हाक दिली. देवचंद पाहत राहिला. त्याच्या मागून सगळी गुरं गेली, चपट्या वायरीची माळ घातलेलं वासरूही त्याच्या कोपराला नाक घासून गेलं, पण त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

अंधारून आल्यावर तो रिकाम्या हाताने घरी आला. छपरीत यादोराव बसले होते. रेणूने मधल्या वेळात त्यांच्या घरी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या मांडीवर धुऊन पुसलेली वायर होती.

"घे बाबू. पन उद्या तू लावशीन तवा मी समोर पायजे. माह्या वासराची होय थे."

रविवारी साडेदहाला सभागृहाचं दार उघडलं, तेव्हा बाहेर लोक होते. अलका बायकांचा घोळका घेऊन आली होती. रामलालने आमगावहून लेक-जावयाला बोलावलं होतं. यादोरावांनी वासरू बाहेरच्या खांबाला बांधलं होतं, साध्या दोराने, आणि ते नाराज दिसत होतं. देवचंदने एकेक वायर सगळ्यांसमोर टोचली.

"हे पाय, हे माही," अलका बायकांना म्हणाली. "सगळ्यात जाडी."

"जाडीनं काय होते? सिनेमा माह्यात आहे," यादोराव म्हणाले.

खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या. शिपाई दारात उभा होता, जागा. पडदे ओढले. सुरुवातीला कोणाचं पडद्याकडे लक्षच नव्हतं, सगळे कॉम्प्युटरकडे बघत होते. मग पाण्यावरच्या धुक्यातून मादी उठली आणि तिच्या पायांजवळ अंडं हललं.

"अरे, हे तं माही बांधी होय," यादोराव अंधारात हळूच म्हणाले.

सगळ्या माना कॉम्प्युटरकडून पडद्याकडे वळल्या. रोज धुऱ्यावरून जाताना दिसणारे दोन पक्षी गाव पहिल्यांदाच बघत होतं. पिल्लाने पहिलं पाऊल टाकलं, पडलं, पुन्हा उठलं, तेव्हा एका बाईने "उठ रे बाबू" म्हटलं आणि कोणी हसलं नाही. सिनेमा संपला तरी कोणी उठेना. देवचंद मागे भिंतीला टेकून रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

दिवे लागले. अलका त्याच्याजवळ आली. तिचेही डोळे ओले होते.

"लय चांगलं होतं भाऊजी," ती म्हणाली. "झालं ना मंग? आता माही वायर द्या. दुधी खाली टेकून राहिला."

तिच्या मागे रामलाल, रामलालच्या मागे यादोराव. देवचंदने तिन्ही वायरी टक् टक् करून काढल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात दिल्या.

संध्याकाळी त्याने घरी कॉम्प्युटर उघडून पाहिला. आत विजेची एकही वायर नव्हती. त्याने मनात पाहिली होती अगदी तशीच स्वच्छ, मोकळी, शांत जागा.

"आन लग्नाचं मिक्सिंग कसं कराल?" रेणूने विचारलं.

"तू आहेस ना सीधं मागाले. आन पुढच्या सिनेमाले हेच लोक वायरी घेऊन येतीन."

मग त्याने ट्रंकेतून मॉड्युलरसोबत आलेल्या, पण त्याच्या कॉम्प्युटरात कुठेच न बसणाऱ्या चार जादा वायरी काढल्या, काळ्या पिशवीत घातल्या आणि पिशवी छपरीतल्या खुंटीला नीट, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी अडकवली.