साखळीसाहेबांची मांडणी

"भिंतींचं मला सांगू नकोस," साखळीसाहेब बायकोला म्हणाले. "तीस वर्षं मी लोकांच्या भिंती मोजल्या आहेत."

काकूंनी एवढंच विचारलं होतं, की ही भिंत इतकं वजन पेलेल ना.

साहेब मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. शेतात साखळी टाकून हद्दी आखण्यात हयात गेली, म्हणून कचेरीत हे नाव पडलं आणि मागोमाग घरापर्यंत आलं. निवृत्तीनंतर त्यांनी सुतारकाम धरलं. धरलं म्हणजे काय, मशिनं घेतली. ड्रिल घेतली, ग्राइंडर घेतला, लाकूड कापायचं एक आणि घासायचं एक. ड्रिल एकटी पडते म्हणून तिला मोठी बहीण आणली. ही सगळी मंडळी बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरलेली असायची. चालताना बघून पाय टाकावा लागे. एके सकाळी काकूंचा पाय ड्रिलच्या टोकावर पडला. त्या ओरडल्या नाहीत. टाचेला पट्टी लावत अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ही उचलली गेली नाहीत, तर भंगारवाल्याला बोलावते."

मऊ आवाजाची धास्ती साहेबांना जुनी होती. त्यांनी चार दिवस खपून जाड प्लायवूडची मांडणी बनवली. रुंदी अडीच फूट, उंची चार. प्रत्येक मशीनला त्याच्या अंगाची खाच, खाली स्क्रूंच्या डब्यांना कप्पा. मशिनं वजनकाट्यावर चढवली, बेरीज केली. सव्वीस किलो. राहता राहिली भिंत.

भिंतीपलीकडे सिस्टर राहायच्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या. दोन वर्षांपूर्वी रविवारी दुपारी साहेबांनी ग्राइंडर चालवला, सिस्टरांनी इमारतीच्या सेक्रेटरीकडे तक्रारीचा अर्ज दिला, आणि साहेबांनी घरात फर्मान काढलं, की त्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही. घरात 'कोणी' म्हणजे काकूच होत्या.

शनिवारी साडेतीनला काकू निघाल्या. "दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते."

"परत? तोंडात दात आहेत किती तुझ्या?"

"बत्तीस," असं म्हणून त्या गेल्या.

साहेबांनी ड्रिल भिंतीला लावली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. भोकातून विटेचा लाल भुगा यायला हवा होता, आला पिवळसर भुसा. तो त्यांनी स्वतःच्या बाहीवरचा समजून झटकला. टिचकी मारली तर भिंत ढोलकीसारखी बोलली. साहेबांनी सगळं श्रेय मशीनला दिलं. सहा स्क्रू बसले, मांडणी चढली, लेव्हलमधला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. एकेक मशीन खाचेत गेलं. पलीकडून कोणाचं तरी खळखळून हसणं ऐकू येत होतं. सिस्टरांचा टीव्ही असणार. आवाज मात्र कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

शेवटी त्यांनी मोठी ड्रिल अडकवली आणि कौतुकानं बघायला चार पावलं मागे सरकले. ती चार पावलं नशिबाची.

आधी कर्र झालं. मग मांडणी त्यांच्याकडे वाकली, जणू नमस्कार करते आहे. आणि तिच्या मागोमाग भिंतच वाकली. साहेब बघतच राहिले. भिंत वाकते हे तीस वर्षांत कुठल्याच नकाशात आलं नव्हतं. पुढच्या क्षणी सगळं धाडकन जमिनीवर आलं.

धूळ बसली तशी समोर दिसली दाराची चौकट. चौकटीत सिस्टरांची खोली. खोलीत सोफा. आणि सोफ्यावर, गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून, हातात चहाचा कप घेतलेल्या काकू.

काकूंचा कप ओठांपासून दोन बोटांवर थांबला होता. सिस्टरांच्या हातातली किटली तशीच तिरकी, चहाची धार बशीतून टेबलावर, टेबलावरून गालिच्यावर.

तेवढ्यात ढिगातून घरघर सुरू झाली. पडताना लाकूड घासायच्या मशीनचं बटण दाबलं गेलं होतं. ते बॅटरीवरचं. ढिगाखालून ते सुटलं, चौकट ओलांडून सिस्टरांच्या घरात शिरलं आणि चिडलेल्या कासवासारखं गालिच्यावरून सुसाट निघालं. पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत निर्विकार उभ्या राहिलेल्या सिस्टर किटलीसकट सोफ्यावर चढल्या.

साहेब त्याच्या मागे धावले. दोन वर्षांनी त्या घरात त्यांनी प्रवेश केला तो हातापायांवर रांगत, टेबलाखालून. मशीन पकडून बंद केलं तेव्हा त्यांचं डोकं बरोबर काकूंच्या टबापाशी होतं.

"बायकोवर पाळत ठेवायला भिंत फोडलीत?" सिस्टर वरून म्हणाल्या.

"मी मांडणी लावत होतो," साहेब खालून म्हणाले. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. "आणि डॉक्टर?"

"दात चांगले आहेत माझे."

"कधीपासून?"

"दात?"

"हे."

"दीड वर्ष झालं. साडेतीन ते साडेपाच."

साहेब गालिच्यावरच बसले. दोन शेतांमधला बांध वीतभर सरकला तरी ज्यांना शंभर पावलांवरून कळायचं, त्यांची बायको दीड वर्ष सहा इंचांवर बसून होती.

"मघाशी हसत होतीस ती तूच?"

"हो."

"घरी नाही हसत अशी."

"हसते की," काकू म्हणाल्या. "तुमचं मशीन चालू असतं."

साहेबांनी हातातलं मशीन बाजूला ठेवलं. त्यांनी घरमालकाला फोन लावला. तो पलीकडून मजेत म्हणाला, "अहो, दोन्ही घरं पूर्वी एकच होती. मधल्या दारावर मी फळी मारून रंग दिला होता. वीस वर्षं टिकली की! आता विटा लावा नाहीतर दार लावा, माझं काही म्हणणं नाही."

"विटा नकोत," सिस्टर सोफ्यावरून उतरत म्हणाल्या. "दार करा. तुम्हाला जमेल का?"

तो 'जमेल का' साहेबांना झोंबला. ते ताडकन उठले, टेप काढली, चौकट उभी आडवी मोजली, पुन्हा मोजली. दोघी चहा घेत बघत होत्या. कोणीतरी आपलं काम बघतंय याचं त्यांना, कपडे धुळीनं माखलेले असूनही, बरं वाटलं. आवाजात थोडा कचेरीतला रुबाब आला.

"कडी कुठल्या बाजूला लावायची?"

"आमच्या," दोघी एकदम म्हणाल्या.

साहेबांनी पेन्सिल घेतली आणि काकू बसल्या होत्या त्या बाजूला खूण केली.