पितळी मुठीचे अधिकृत तापमान

तापलेल्या वस्तूला चिकटलेली वस्तूही तापते, हा निसर्गनियम आहे. परंतु आमच्या कार्यालयात निसर्गनियम लागू होण्यापूर्वी सुरक्षा विभागाची मान्यता लागते.

उपाहारगृहातल्या चहाच्या किटलीला पूर्वी लाकडी मूठ होती. ती दिसायला गबाळी, म्हणून मोठ्या साहेबांनी स्वतः निवडलेली पितळी मूठ तिथे थेट किटलीला जोडून घेतली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा संसार. आच लागली की दोघंही एकदम तापतात (इतर संसारांत निदान आळीपाळीने). चहाला उकळी फुटायच्या आत मूठ तयार असते. एवढी तत्परता आमच्या दुसऱ्या कोणत्याही विभागात नाही.

पहिल्याच सकाळी चहावाल्या काकूंचा तळवा भाजला. सुरक्षा अधिकारी ताबडतोब, म्हणजे जेवण उरकून, आले. त्यांनी आधी गॅस बंद करवला, मूठ निवू दिली आणि मग ती मोठ्या धीराने धरली.

"गार आहे," ते म्हणाले.

"अहो साहेब, गॅस पेटवून तरी बघा!" काकू म्हणाल्या.

"पेटत्या गॅसवर तपासणी? काकू, कुणाचा हात भाजला म्हणजे?"

मूठ गार असून दोष तळव्यात आहे, असा निष्कर्ष निघाला. काकूंनी फडकं वापरून पाहिलं, तर तेही बंद झालं. गार मूठ फडक्याने धरणं म्हणजे मोठ्या साहेबांच्या आवडीवर शंका घेणं. पुन्हा फडकं दिसलं तर काकूंनी घरी बसावं, असं ठरलं. घरी आधीच त्यांचे यजमान बसून होते, आणि दोघांनी बसावं एवढी त्या घराची ऐपत नव्हती.

तेव्हा काकूंनी तोडगा काढला: मूठ हातात धरवेल इतपतच चहा तापवायचा. मूठ खरोखर गार राहिली, सुरक्षा विभागाचं म्हणणं खरं ठरलं आणि सगळं कार्यालय खवळलं. "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" भाजलेल्या हाताची तक्रार दुपारपर्यंत थांबली होती, ही पहिल्या घोटासरशी वर पोचली. आदेश आला: चहा वाफाळता, मूठ पूर्ववत गार.

आता चहा उत्तम मिळतो. काकू आळीपाळीने हात बदलतात. एका तळव्याला कायम पट्टी असते. मला त्यांचं फार वाईट वाटतं, आणि चहा संपला की मी ते सगळ्यांना सांगतो.

काल तुम्ही आमच्या कार्यालयात काही कामानिमित्त आला होतात. पट्टी तुम्हालाही दिसली. तुम्ही हळहळलातही.

"अजून घोटभर घालू?" काकूंनी विचारलं.

तुम्ही चेहरा पाडलात, आणि कप पुढे केलात.