नानांचं ‘सेट’

दही लागलं की नाही हे पाहायला आमचे घरमालक नाना भांड्याला कान लावतात. जरा वेळ ऐकतात आणि हळूच म्हणतात, “सेट शे.”

नानांनी आयुष्यात हा एकच इंग्रजी शब्द जवळ केला आणि घरच्या बैलासारखा वाट्टेल त्या कामाला जुंपला. फुटून उरलेले दोन कप म्हणजे टी-सेट. विहिरीवरची मोटर, तीही सेट. कवळी टोचली, की सेट बसत नाही. कुणाची सोयरीक जुळली, की सेट. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून मी रेल्वे रुळांलगतच्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “झोप सेट व्हई ना रे भाऊ, गाडीना आवाजमा?”

संध्याकाळी हाक यायची, “गच्चीवर चाल, दिन सेट व्हई ऱ्हायना!” कापसाच्या शेतांवर मावळतीचा पिवळा उजेड लोळत पडलेला असायचा. सुरतची गाडी जायची, आणि बोलता बोलता नाना मनाने कुठेतरी निघून जायचे. मी हाक मारली, की दचकून म्हणायचे, “मना पोऱ्या सुरतमा सेट व्हई ग्या.” मी खरं तर विचारलेलं असायचं, चहा घेणार का.

श्रावणात घरात कानबाई, खानदेशची देवी, बसली. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठ मूठ गहू घेतात. ते रोट घरच्यांनीच संपवायचे, परक्याला द्यायचे नाहीत. सुरतच्या मुलाच्या नावाची मूठ नानांनी चांगली दाबून भरली. सकाळपासून ते स्टेशनकडे चकरा मारत होते. दुपारी फोन आला, सुटी मिळाली नाही.

“बरं,” नाना म्हणाले. एवढंच.

थोड्या वेळाने त्यांनी मला खाली बोलावलं. पाट मांडलेला होता, ताटात गंगाफळाची भाजी आणि खीर होती. धरणगावहून आलेल्या त्यांच्या बहिणीने, अक्कांनी, रोट वाढता वाढता हात थांबवला. “नाना, रोट भाऊबंदच खातस ना?”

“मंग? हाऊ कोन शे?” नाना माझ्याकडे बोट दाखवत एकदम चिडले. “बठ रे. थंडं व्हई जाई.”

मी त्यांच्या मुलाच्या पाटावर बसलो. नानांनी रोटावर तुपाची धार धरली आणि थांबायचं विसरले. मी ‘पुरे’ म्हटलं नाही.