रोडगे सरांचं नाक

आमचे रोडगे सर एकदा शिंकायला लागले की अकरा शिंकांशिवाय थांबत नाहीत. दहा नाही, बारा नाही, अकरा. पहिलीची पोरं माझ्यामुळे अंक शिकली असं मी दरवर्षी अहवालात लिहिते, पण खरं श्रेय सरांच्या नाकाचं आहे. शेजारच्या सातवीच्या वर्गातून पहिली शिंक आली की माझी पोरं पेन्सिली खाली ठेवून मोजायला लागतात आणि अकराव्या शिंकेला एका सुरात ओरडतात, "झाल्या!" त्यामुळे माझ्या वर्गात अकरापर्यंत कुणी चुकत नाही. पुढचं सगळं कच्चं आहे.

आमची शाळा वालूरच्या अलीकडच्या एका लहान गावात. सर आणि मी दोघंही सेलूत राहतो, एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. सकाळी एकाच जीपनं जातो. सर पन्नाशी ओलांडलेले, उंच, सडपातळ. बारा महिने गळ्यात मफलर, आणि खिशात सहा रुमाल. डाव्या खिशात कोरडे, उजव्या खिशात 'कामी आलेले'. कुणी सहज विचारलं, "सर, सर्दी झाली का?" की सरांचा अपमान होतो.

"सर्दी न्हाई हे. सर्दी येती आन जाती. आपल्याला सायनस हाय." सायनस हा शब्द ते असा उच्चारतात, जणू शासनानं दिलेला पुरस्कारच.

आता आमच्याकडचा कायदा असा, की निघताना एक शिंक आली तर अपशकुन, दोन आल्या तर शुभ. अकरा म्हणजे पाच जोड्या शुभ आणि शेवटी एक उरतेच. एकदा जीप सुटताना सर शिंकले. मागच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "मास्तर, अजून एक मारा की. जोडी होऊ द्या. माझी नात बाळंत व्हायलीय, तिकडंच निघालेय मी."

सरांनी मनापासून प्रयत्न केला. उन्हाकडं बघितलं. रुमालाची सुरळी करून नाकात फिरवली. जीपवाल्यानं तंबाखूची चिमूट पुढं केली. काही उपयोग झाला नाही. म्हातारी गाठोडं घेऊन उतरली आणि मागच्या जीपनं गेली. ती जीप वाटेत पंक्चर झाली, म्हातारी दोन तास उशिरा पोचली. पुढच्या आठवड्यात भेटल्यावर ती सरांनाच बोलली, "तुमी शिंकलाव म्हणूनच ती पंक्चर झाली."

सरांचं पंचांगही जगावेगळं. भादव्यात रस्त्याकडेचं गाजरगवत फुललं की पहिला हल्ला. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची मळणी निघाली की दुसरा. मग कापूस, मग तुरीचं भुसकट, आणि उन्हाळ्यात नुसतीच वावटळ. प्रत्येक हल्ल्यात आधी शिंका, मग नाक बंद, आणि आठव्या दिवशी कपाळ आणि गाल असे ठणकायला लागतात की प्रार्थनेला मान खाली घालता येत नाही. सगळी शाळा मान झुकवून उभी असते आणि सर एकटेच आभाळाकडं बघत. गावातल्या एका भाविक माणसाचा त्यामुळं समज झाला होता, की मास्तर फार पोचलेला आहे.

एका वर्षी शाळेमागच्या शेतात मळणीयंत्र लागलं. सरांनी शेतमालकाला रीतसर अर्ज लिहिला. विषय : वाऱ्याची दिशा पाहून मळणी करणेबाबत. शेतमालकानं अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "मास्तर, अर्ज बरूबर हाय, पण माझ्या नावानं कशाला? वाऱ्याच्या नावानं द्या. मी पोच देतो."

शाळेतही सरांनी धुळीविरुद्ध लढाई उघडली होती. खडू ओला करूनच लिहायचा. फळा ओल्या फडक्यानं पुसायचा. रांगोळी बंद, उदबत्ती बंद. सरस्वतीच्या फोटोला हार घालायचा तो कागदी, आणि तोही आधी झटकून, शाळेच्या गेटबाहेर. पोरांनी वर्ग झाडायचा म्हणजे आधी पाण्याचा सडा. मग चिखल. चिखलाची सरांना अॅलर्जी नव्हती, ती मुख्याध्यापकांना होती.

आणि इलाज! नाक सरांचं, पण इलाज सगळ्या तालुक्याचा. मुख्याध्यापक म्हणाले, मोहरीचं तेल. जीपवाला म्हणाला, ओव्याची पुरचुंडी. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "गाईचं तूप सोडा नाकात, दोन थेंब." एका पालकानं तर पाथरीच्या पलीकडचा कुणी वैद्य सांगितला, जो नाक न बघता फक्त पायाचा अंगठा दाबून औषध देतो. सर कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचे, वहीत लिहायचे, घरी आला असेल तर चहा करून पाजायचे.

मोबाइलवर बघून त्यांनी एकदा स्वतःच जलनेती केली, तीही मधल्या सुट्टीत, शाळेच्या टाकीपाशी. एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून यायला पाहिजे. गेलं ते आलंच नाही. पुढचा तास सरांनी मान एका खांद्यावर टाकून घेतला. मी दारातून विचारलं, "सर, बरं आहे ना?"

"उतरायलंय, मॅडम," सर म्हणाले. "हळूहळू उतरायलंय."

तास भारताच्या नद्यांचा होता.

सरांच्या नाकाचा सगळ्यात मोठा पराक्रम मात्र गावानं अजून माफ केलेला नाही. एक मोठे पाहुणे शाळेला भेट द्यायला आले होते. सूत्रसंचालन सरांकडं. सरांनी आठ दिवस आधी बजावलं होतं की स्वागत पुस्तक देऊन करायचं, फुलं आणायची नाहीत. पण गावाला ते पटेना. पाहुणा मोठा, तर हार मोठा. दोघांनी उचलून आणावा लागेल एवढा झेंडूचा हार आला आणि तो नेमका सरांच्या नाकासमोरून पाहुण्यांच्या गळ्यात गेला. पाहुणे उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "या शाळेला संरक्षक भिंत बांधून दिल्याशिवाय मी—"

इथं सर शिंकले. माइक चालूच होता.

पाहुणे थांबले. पुन्हा सुरुवात केली, "भिंत—" दुसरी शिंक. माझी पोरं समोरच बसलेली. त्यांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाटलं, आपल्याविरुद्ध घोषणा चालल्यात. अकराव्या शिंकेला "झाल्या!" अशी आरोळी उठली आणि पाहुणे खाली बसले. मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "शिंकली माशी. गेली भिंत."

भिंत आजपर्यंत झालेली नाही. गुरं खुशाल वर्गापर्यंत येतात. गावकरी पाहुण्यांना काही म्हणत नाहीत. ते रोडगे सरांच्या नाकाकडं बघतात.

शेवटी परभणीच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सगळं समजावलं. धुळीनं आणि परागांनी आतली वाट सुजते, सुजली की बंद होते, मागं साचलेलं सडतं, आणि म्हणून पुन्हा पुन्हा पू होतो. "म्हंजे आमच्या गल्लीच्या नालीवानी," सर म्हणाले. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. आणि तुम्ही पाच दिवसांच्या गोळ्या तीन दिवस घेऊन बंद करता, म्हणजे नाली अर्धीच काढता. सरांना हे फार आवडलं. नाकाच्या फोटोची ती काळी फिल्म पुढं महिनाभर जीपमध्ये होती. सर ती काचेला लावून दाखवायचे. "हे बघा मॅडम, हा माझा उजवा खड्डा. पूर्ण भरलेला. डावा निम्मा." जीपवाल्यापासून कोतवालापर्यंत सगळ्यांनी तो खड्डा पाहिलाय.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. सरांच्या बायको, शोभाताई, तीन वर्षांपूर्वी वारल्या. एकच मुलगा, महेश, पुण्याला नोकरीला. बाप-लेकात भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जे काय असेल ते शोभाताईंमार्फत. "बाबांना विचार गाडी घेऊ का." "त्याला म्हणावं खुशाल घे." त्या गेल्या आणि मधला माणूसच संपला. पहिले काही महिने फोन यायचा आणि दोघं गप्प बसायचे. मग भादवा आला, सरांचं नाक तुंबलं आणि दोघांना विषय मिळाला.

सरांच्या कानांनाही दडे बसलेले, म्हणून फोन स्पीकरवर. संध्याकाळी सात वाजता सगळी गल्ली ऐकायची.

"बाबा, वाफ घ्यायलाव का?"

"घ्यायलोय की."

"रंग कसला येतोय?"

"सकाळी पिवळा होता. आता जरा हिरवट मारायलाय."

"हिरवट? मग डॉक्टरला फोन लावू का?"

"थांब. उद्याचा रंग बघू."

अर्धा अर्धा तास चालायचं. मी इकडं पोळ्या लाटताना हसायचे. बाप-लेकाची माया कफाच्या रंगावरून चाललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ऑपरेशनला महेश सुट्टी टाकून आला. दवाखान्यात दोन दिवस आणि इथं घरी आठ. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं बापाचं नाक धुवायचा. उशांचे अभ्रे गरम पाण्यात काढले, पडदे उतरवले, गाद्या उन्हात टाकल्या, स्प्रे कसा मारायचा ते तीनदा दाखवलं. सर डोळे मिटून लहान पोरासारखे मान वर करून बसायचे. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "मॅडम, ह्याचा हात अगदी हलका हाय. आपल्याला ठावंच नव्हतं."

आणि नाक बरं झालं. खरंच बरं झालं. सर स्प्रे वेळेवर मारायचे, गोळ्या पूर्ण घ्यायचे, रस्त्यावर मास्क लावायचे. दसरा गेला, मळणी झाली, दोन-चार शिंका आल्या न आल्या. माझी पोरं मोजायला लागायची आणि मधेच लटकून राहायची. जीपमध्ये कुणी इलाज सांगेना. वहीत नवीन काही लिहिलं जाईना. घरी चहाला कुणी येईना. बऱ्या माणसाकडं कोण कशाला जातं?

सातचा फोनही मी ऐकत होते.

"कसंय बाबा?"

"चांगलं हाय."

"स्प्रे?"

"मारलाय."

"बरं मग."

"बरं."

पोळीची एक बाजू भाजायच्या आत फोन संपायचा. पुढं तो दिवसाआड आला. मग रविवारी. एका रविवारी आलाच नाही. त्या संध्याकाळी सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, फोन मांडीवर उताणा.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सरांची एका कागदावर सही हवी होती म्हणून मी त्यांच्याकडं गेले. दार उघडंच होतं. सर पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते, आवाज अगदी चोंदलेला. मला वाईट वाटलं. म्हटलं, आलं परत.

"न्हाई रे महेश, पुन्हा तुंबलंय. काल सांजपासून. कपाळ बी दुखायलंय. न्हाई, तू कशाला नाहक... पिवळाच हाय. जरा दाट."

मी चप्पल काढली, तसे सर वळले. एका हातात फोन. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत त्यांनी स्वतःचं नाक घट्ट धरलेलं.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. सरांनी नाक सोडलं नाही. सोडलं असतं तर आवाज मोकळा झाला असता. डोळे मात्र असे झाले, जसे कॉपी करताना धरलेल्या पोराचे होतात.

"हे बघ, मॅडम आल्यात," ते चोंदलेल्या आवाजात म्हणाले. "तुला खोटं वाटत असंल तर त्यांनाच विचार." आणि फोन माझ्यापुढं धरला.

खोटं बोलू नये, हे मी वीस वर्षं पोरांना शिकवतेय. मी म्हणाले, "हो रे महेश. बाबांना लय त्रास व्हायलाय."

पलीकडून महेश म्हणाला, "काकू, डॉक्टर तर म्हणाले होते, इतक्यात परत व्हायचं नाही."

"नाकच ते," मी म्हणाले. "त्याचा काय भरवसा?"

तो हसला. शोभाताई हसायच्या तसं, नाकातल्या नाकात. "बरं," म्हणाला, "सांगा त्यांना, शनिवारी येतो. दोन दिवस राहतो. बघतो काय झालंय ते."

फोन बंद झाला. सरांनी नाक सोडलं. दोन्ही बाजूंनी बोटांचे लाल वळ उठले होते. त्यांनी सही केली, टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात देता देता थांबले.

"मॅडम, अंबाडीची भाजी कशी करत्यात?"

"का हो?"

"त्याला आवडती. त्याची आई करायची, कण्या घालून. आपण नुसती खाल्ली. कधी चुलीपाशी जाऊन बघितलं न्हाई."

मी तिथंच ओट्यावर बसले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि लिहायला लागले. पाला निवडायचा, उकडायचा, आंबट पाणी काढून टाकायचं. सर शेजारी उभं राहून वाकून वाचत होते. मी लसणाच्या फोडणीपर्यंत आले तरी ते अजून मागंच होते. पुन्हा पुन्हा विचारत होते, "कण्या आधी भिजवायच्या का तशाच टाकायच्या? नीट लिहा मॅडम. तेवढं नीट लिहा."