दीक्षाचं मूल : आयत्या वेळचा विषय

हडपसरच्या एका सोसायटीची वार्षिक सभा सुरळीत चालली होती. पाण्याची टाकी झाली, पार्किंग झालं, लिफ्टची दुरुस्ती झाली. मग सचिव श्रीनिवासरावांनी घसा खाकरला आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय मांडला: तिसऱ्या मजल्यावरच्या दीक्षाला अजून मूल नाही, ही बाब सोसायटीच्या दृष्टीने चिंताजनक आहे.

दीक्षा आयटीत होती. तिला मूल हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आणि चहाच्या आधी नको होतं.

कारणं शोधायला उपसमिती नेमली. प्रेमलाताई म्हणाल्या, रात्रपाळी. कुणी लॅपटॉप म्हणालं, कुणी जीन्स. व्यायाम व्हावा म्हणून दीक्षाने लिफ्ट वापरू नये, असा ठराव झाला. पाठोपाठ, पोटावर ताण येतो म्हणून जिनाही चढू नये, असा झाला. दोन्ही एकमताने! आता घरी जायचं कसं? दीक्षा सरळ विश्रांतवाडीला माहेरी गेली आणि तिथून डॉक्टरांकडे.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. "पीसीओडी आहे, बीज वेळेवर तयार होत नाही. थायरॉईडही बिघडलंय. दोन्हींवर गोळ्या आहेत. गर्भनलिका मोकळ्या आहेत, तेव्हा दुर्बिणीची भानगड नको. आता यजमानांची तपासणी. त्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

हे कळताच उपसमिती हादरली. दीक्षाला आणि तिच्या नवऱ्याला, आयुषला, बोलावून तातडीची बैठक भरली.

"आयुषची तपासणी? अहो, तो रोज जिमला जातो!" प्रेमलाताई म्हणाल्या.

"पुरुषाची बाब खासगी असते," श्रीनिवासराव गंभीरपणे म्हणाले. "ती सभेत घेता येत नाही."

"मग माझी कशी घेतलीत?" दीक्षाने विचारलं.

"नियमानुसार. आयत्या वेळच्या विषयांत."

आयुष मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता. दीक्षा त्याच्या कानाशी वाकली. "उद्या येतोयस. नाहीतर पुढच्या सभेत तुझा विषय मीच मांडते."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच स्वारी दारात हजर!

पुढच्या सभेत श्रीनिवासरावांनी चष्मा सावरून विचारलं, "मग, काही गोड बातमी?"

"आहे की!" दीक्षा हसली. "थायरॉईड आटोक्यात आलंय, पाळी नियमित झालीये, आयुषही मुकाट्याने गोळ्या घेतोय. आणि मला छान झोप लागतेय."

टाळी एकही पडली नाही.

आणि तुम्ही हो? 'ते सगळं ठीक, पण दिवस राहिले का?' हेच आलं ना मनात? मग या, पुढच्या रांगेत बसा. उपसमितीला तुमच्यासारखी माणसं हवीच आहेत.